वार आणि जुना टाका: सीमेवरच्या एका दुसऱ्या बाळंतपणाचं प्रकरण

मागच्या बाळंतपणाचा कागद मागितला की आमच्या ओपीडीत हमखास एकच उत्तर मिळतं, "तो माहेरी हाय." हे प्रकरण त्या कागदाचं आहे. त्यावर जे लिहिलेलंच नव्हतं, त्याचंही आहे.

बाई पंचवीस वर्षांची. सासर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं जंगलाच्या काठाला. माहेर चंदगड तालुक्यात. नवरा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला. पहिली मुलगी अकरा महिन्यांची असताना पुन्हा दिवस गेले. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव घातलेलं नाही, घरचे काही तपशीलही बदलले आहेत. मी सीमेच्या ह्या बाजूला एका सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात डॉक्टर आहे. ती माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा चौथा महिना चालू होता.

नकाशावर चंदगड महाराष्ट्रात आणि खानापूर कर्नाटकात. सोयरीक करताना ती रेघ कुणी बघत नाही, आणि चंदगडची माणसं बाजाराला बेळगावलाच येतात. पण रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी, पुढचं सासरी. त्यामुळं ह्या पट्ट्यातल्या कितीतरी बायकांचं पहिलं मूल एका राज्यात होतं आणि दुसरं दुसऱ्या राज्यात. तिकडं मराठीतलं माता-बाल संरक्षण कार्ड, इकडं कन्नडमधलं तायी कार्ड. (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या बायका 'ताई कार्ड' म्हणतात आणि आशाताईंनी दिलं म्हणून ताई कार्ड, असा अर्थ लावतात. अर्थ चुकतो, पण कार्ड जिवापाड सांभाळतात, म्हणून मी कधी दुरुस्ती करत नाही.)

तिच्या तायी कार्डावर मागच्या प्रसूतीच्या रकान्यात चार अक्षरं होती: एलएससीएस. म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या भागात छेद घेऊन केलेलं सिझेरियन. कुणी कागद बघून ती लिहिली असती तर प्रश्न नव्हता. नोंदणीच्या दिवशी पोटावरचा आडवा व्रण बघून लिहिली होती. पोटावरची रेघ आडवी म्हणून आत पिशवीवरची रेघही आडवीच असेल, असं नाही. बहुतेक वेळा असते. पण बाळ आडवं असेल किंवा फार कमी दिवसांचं असेल तर कधी पिशवीच्या वरच्या भागात उभा छेद घ्यावा लागतो, आणि तो टाका पुढच्या खेपेला कळांमध्ये फाटण्याची भीती कितीतरी जास्त असते. अशा बाईला कळा सुरू होऊच द्यायच्या नसतात. कातडीवरून हे कळत नाही. ऑपरेशन करणाऱ्यानं लिहून ठेवलं तरच कळतं.

पहिल्या खेपेला काय झालं

तिनं सांगितलेली हकीगत अशी. दिवस भरत आले तेव्हा माहेराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये दाखवलं. सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल करून कळांचं सलाईन लावलं. दुपारी तीनपर्यंत कळा येत होत्या, मग "बाळ दमलंय, ठोके उतरायलेत" असं सांगून सिझर केलं. मुलगी २ किलो ७०० ग्रॅमची, लगेच रडली. आठव्या दिवशी टाक्याला पू धरला आणि तीन आठवडे ड्रेसिंगला मोटरसायकलवरून जा-ये झाली.

तिची तक्रार मात्र ह्यातल्या कशाबद्दलच नव्हती. पाठीत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनमुळं कंबर दुखते, असं ती म्हणत होती.

ही समजूत आमच्याकडे दगडावर कोरल्यासारखी आहे. त्या इंजेक्शनचा खरा त्रास असतो तो डोक्याचा. काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत असं डोकं दुखतं की उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की थांबतं. बहुतेकींचं आठवड्याभरात जातं, नाहीच गेलं तर त्यावर उपाय आहे. कंबर दुखते ती नऊ महिने वाढलेल्या पोटानं, ढिल्या पडलेल्या पोटाच्या स्नायूंनी, मूल काखेला मारून वाकून केलेल्या कामानं. नॉर्मल झालेल्या बायकांचीही दुखते. मी हे रोज सांगते आणि रोज हरते. पण गंमत अशी की सिझरचा धोका म्हणून बाईला जे काही विचारायचं असतं, ते सगळं ह्या कंबरेतच संपतं. पुढचं ती विचारतच नाही.

पहिल्या ऑपरेशनचे जे धोके लगेच कळतात, ते बहुतेक जणींच्या बाबतीत निभावून जातात. रक्त नॉर्मल बाळंतपणापेक्षा जास्त जातं. नॉर्मलला अर्धा लिटर गेलं तर तो रक्तस्राव धोक्याचा मानतात, सिझरला ती रेघ एक लिटरवर आहे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका साधारण चौपट. म्हणूनच दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला उठवून चालायला लावतात, आणि त्यावरून घरच्यांनी सिस्टरशी भांडू नये. टाक्यात पू होऊ नये म्हणून कातडी कापायच्या आधीच अँटिबायोटिक द्यायचं असतं, नंतर देण्यात तेवढा फायदा नाही. कळा यायच्या आधीच, ३९ आठवडे पुरे व्हायच्या आत ठरवून सिझर केलं तर बाळाला धाप लागून काचेत ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. हे सगळं महिना-दोन महिन्यांत मिटतं. एवढ्यावर हिशेब संपला असं घरचे समजतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही डॉक्टरही तसंच वागतो.

तिला डिस्चार्जच्या वेळी पुढच्या गरोदरपणाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन मुलांत अंतर ठेवा, बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, हे नाही. सिझर करतानाच तांबी बसवता येते, हेही नाही. ड्रेसिंगला ती सहा-सात वेळा गेली, त्यातल्या एका वेळेलाही नाही.

चिंच

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली होती, आणि समोरच्या भिंतीवर. म्हणजे जिथं जुना टाका, तिथंच.

वार खाली असणं ह्या आठवड्यात फार दिसतं. पुढं पिशवीचा खालचा भाग ताणला जातो तशी ती वर सरकल्यासारखी होते, आणि दहातल्या नऊ जणींना शेवटी काही त्रास होत नाही. पण सिझर झालेल्या बाईची वार खाली आणि समोर दिसली की वेगळा विचार करावा लागतो. तो का, हे मी आमच्या बायकांना चिंचेवरून सांगते.

पिकलेल्या चिंचेचं टरफल बोटानं दाबलं की सुटतं, गर आत जसाच्या तसा राहतो. कच्च्या चिंचेचं सुटत नाही. ओढाल तर गर घेऊन येतं. पिशवीला आतून एक मऊ अस्तर असतं. वार त्या अस्तरात रुजते आणि बाळ झाल्यावर तिथूनच सुटते, पिकल्या चिंचेसारखी. जिथं पूर्वी कापून शिवलेलं आहे, तिथं हे अस्तर पूर्वीसारखं भरून येतंच असं नाही. वार नेमकी तिथं रुजली तर तिच्या मुळांना अडवायला काही उरत नाही. ती सरळ स्नायूत शिरतात. कधी स्नायू ओलांडून पलीकडं मूत्राशयापर्यंत जातात. मग बाळ झाल्यावर वार सुटत नाही, आणि कुणी ओढून काढायला गेलं तर पिशवीच्या उघड्या पडलेल्या शिरांतून मिनिटाला अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त जाऊ शकतं, कारण दिवस भरत आलेल्या पिशवीकडं दर मिनिटाला साधारण तेवढंच रक्त वाहत असतं. वैद्यकीय भाषेत ह्याला अॅक्रिटा म्हणतात, खोल गेली तर इन्क्रिटा, बाहेर पडली तर परक्रिटा.

किती जणींना होतं? तीस हजारांवर बायकांच्या सिझरचा एक अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे आजही सगळीकडे वापरतात. वार पिशवीच्या तोंडावर असलेल्या बायकांत ती चिकटलेली सापडायचं प्रमाण पहिल्याच सिझरला शंभरात ३, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१. वार तोंडावर नसेल तर हेच प्रमाण पहिल्या तीन सिझरना हजारात दोनच्या वर जात नाही. म्हणून सिझर झालेल्या बाईच्या सोनोग्राफीत मी बाळाच्या आधी वार कुठं आहे ते बघते.

आता कबुली. त्या दिवशी मी तिला चिंच सांगितली नाही. सोमवार होता, बाहेर बाकांवर जागा नव्हती. "वार खाली हाय, जड उचलू नको, बत्तिसाव्या आठवड्यात परत सोनोग्राफी कर," एवढं बोलून मी पुढचं कार्ड उघडलं. वार खाली असलेल्या प्रत्येकीला हेच सांगितलं जातं, तेव्हा तिनंही ते नेहमीचंच म्हणून घेतलं. हिमोग्लोबिन ८.४ होतं, त्यासाठी शिरेतून लोहाची इंजेक्शनं सुरू केली, ते मात्र वेळेवर झालं.

दोन ओळी

बत्तिसाव्या आठवड्यात बेळगावात केलेल्या सोनोग्राफीत वार पिशवीचं तोंड पूर्ण झाकून बसली होती. वारेत मोठमोठे खड्डे, त्यांत रक्त भोवऱ्यासारखं फिरताना दिसत होतं. पिशवी आणि मूत्राशय यांच्यामधली स्वच्छ रेघ तीन ठिकाणी तुटलेली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला तिथूनच फोन केला.

त्याच रात्री मी तिच्या नवऱ्याला पहिल्या सिझरचा कागद आणायला सांगितलं. मेहुण्यानं चंदगडकडच्या घरातली पत्र्याची पेटी उघडली आणि साडेनऊच्या सुमाराला व्हॉट्सअॅपवर फोटो आला. कागदाला घडीवर भोक पडलेलं. त्यावर दोन ओळी होत्या: इमर्जन्सी सिझेरियन, स्त्री अर्भक २.७ किलो, टाके सातव्या दिवशी काढणे. बाकी कागदावर छापील आहार सल्ला.

सिझर का केलं ते नाही. पिशवीचं तोंड तेव्हा किती उघडलं होतं ते नाही. छेद आडवा की उभा, तो फाटून बाजूला गेला होता का, किती रक्त गेलं, वार तेव्हा कुठं होती, हातानं काढावी लागली का, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी मी नर्सिंग होमला फोन लावला. ऑपरेशन करायला बाहेरून डॉक्टर येतात आणि त्यांची वही त्यांच्याकडं असते, असं सांगितलं गेलं. ती वही शेवटपर्यंत मिळाली नाही.

आणि त्या दुपारी मी तिला, नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून चिंच सांगितली. जी विसाव्या आठवड्यात सांगायला हवी होती.

सासूबाई म्हणाल्या, "मागल्या खेपेला पोट फाडून झालंय बाई, ह्या खेपेला तरी नीट होऊ दे की."

"मावशी, वार तोंडावर बसलीय. बाळाला बाहेर यायला वाटच नाही. सिझर करायचंच हाय. प्रश्न तो नाही. वार निघाली नाही तर पिशवी काढावी लागंल."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नवऱ्यानं विचारलं, "पण एकदा सिझर झालं तरी दुसऱ्यांदा नॉर्मल होतंय म्हणत्यात न्हवं?" होतं. वार जागेवर असेल, मागचा छेद खालचा आडवा असेल आणि मागचं कारण परत उभं नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या सत्तरच्या वर बायकांना होतं. त्यांच्यात टाका फाटण्याचा धोका दोनशेत एक एवढा, आणि म्हणून तो प्रयत्न जिथं अर्ध्या तासात ऑपरेशन करता येईल अशाच ठिकाणी करायचा. हे मी त्याला सगळं सांगितलं, कारण विचारलं होतं. पण तिच्यासाठी तो रस्ता बंद होता.

ठरलं असं. पस्तिसाव्या आठवड्यात बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात ठरवून ऑपरेशन. तिथं रक्तपेढी आहे, मूत्राशयाचे सर्जन आहेत, कमी दिवसांच्या बाळाची सोय आहे. आणि तेहतीस आठवडे भरले की तिनं बेळगावातच येऊन राहायचं, नणंद अनगोळला असते तिच्याकडं.

हे शेवटचं झालं नाही.

रोप लावणी

जुलै होता. भाताची रोप लावणी चालू होती. कणकुंबी-जांबोटीकडचा जुलैचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना नुसतं सांगून कळायचा नाही. दिवसभर दिवा लावून बसावं लागतं. ती शेतात उतरत नव्हती, पण लावणीच्या बायकांच्या भाकऱ्या कोण करणार? लहान मुलगी कुणाजवळ ठेवणार? नणंदेची एकच खोली, त्यात तिची दोन मुलं. "अजून दुखत तर काय नाही," असं म्हणत चार दिवस गेले. शहरातून अशा कुटुंबांना बेफिकीर म्हणणं सोपं असतं. मी म्हणत नाही. दुखत नसताना घर सोडून महिनाभर परक्या खोलीत जाऊन पडायचं, हे कुठल्याही सुनेला जड जातं, आणि हा रक्तस्राव दुखल्याशिवायच येतो हे मी सांगितलं होतं तरी ते पोटात उतरलं नव्हतं.

तेहतीस आठवडे आणि चार दिवस. रात्री दोनच्या सुमाराला तिला अंथरूण ओलं लागलं. तिला वाटलं पोरीनं केलं. दिवा लावला तर लाल.

गावात रेंज नव्हती. आशाताईंच्या दिरानं जीप काढली, चढावर येऊन १०८ ला फोन लागला, आणि ॲम्ब्युलन्स अर्ध्या वाटेत भेटली. सव्वाचारला ती आमच्याकडे पोचली तेव्हा नाडी ११८, रक्तदाब वरचा ९६. आम्ही आतून तपासणी केली नाही. वार तोंडावर असलेल्या बाईला आत बोट घालून तपासायचं नसतं, नाहीतर थांबत आलेलं रक्त पुन्हा धो-धो सुटतं. आमच्या नव्या सिस्टरनं ग्लोव्ह काढलाच होता, तिला थांबवलं. दोन्ही हातांत मोठ्या सुया, सलाईन, बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनचं पहिलं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, रक्ताचा नमुना, आणि सिस्टरला बरोबर देऊन बेळगावला. पावणेसहापर्यंत रक्त कमी झालं होतं. मागून सकाळी गावातल्या तरुण मंडळाची सात पोरं रक्त द्यायला बेळगावला पोचली, त्यातल्या दोघांचं हिमोग्लोबिनच कमी निघालं.

बेळगावात बारा-बारा तासांनी उरलेली तीन इंजेक्शनं झाली. चार दिवस शांत गेले. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा सुटलं, ह्या वेळेला जोरात.

सही

शस्त्रक्रिया मी केली नाही, टिपणं नंतर वाचली आणि सर्जनशी बोलले. पण सहीच्या वेळी मी फोनवर होते.

संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, कन्नड बाजारापुरतं. नवरा म्हणाला, मी करतो सही. तिथल्या डॉक्टर कन्नडिग होत्या. त्यांनी वॉर्डातल्या मराठी बोलणाऱ्या सिस्टरला बोलावलं, तिनं ओळ न् ओळ मराठीत सांगितली: वार निघाली नाही तर पिशवी काढली जाईल, नंतर मूल होणार नाही, पाळी येणार नाही, मूत्राशयाला इजा होऊ शकते, जिवाला धोका आहे. आणि सही तिनंच करायची, तीच सज्ञान पेशंट आहे, नवऱ्याची साक्षीला चालेल. सिस्टरनं मला फोनवर घेतलं. माझी पेशंट एवढंच म्हणाली, "बाई, चिंच कच्चीच निघाली म्हणायची." मग सही केली.

पोटावर ह्या वेळी उभा छेद घेतला, बेंबीच्या वरपर्यंत. पिशवीवर तर त्याहून वर, अगदी माथ्यापाशी, म्हणजे वारेला धक्का लागू नये. बाळ बाहेर काढलं, नाळ बांधून कापली, आणि वार ओढायचा प्रयत्नसुद्धा न करता पिशवी वारेसकट काढायला घेतली. वार मूत्राशयाच्या भिंतीला भिडली होती. तिथं सोडवताना मूत्राशयाला दोन सेंटिमीटरची चीर गेली, ती लगेच शिवली. साधारण तीन लिटर रक्त गेलं. लाल पेशींच्या सहा पिशव्या, प्लाझ्माच्या चार. अंडाशयं ठेवली.

इथं एक आठवण येते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉल गोळीचा जगभर गाजलेला अभ्यास ह्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं परदेशी संशोधकांबरोबर तो केला, आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १,६२० बायका, गोळ्या देणाऱ्या गावपातळीवरच्या नर्सबाई. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. ज्या काळी बायका उपकेंद्रात आणि घरी बाळंत होत, त्या काळासाठी ती गोळी फार मोठी गोष्ट होती. ती पिशवी आवळून रक्त थांबवते. पण वार स्नायूतच रुजलेली असेल तर पिशवी आवळू शकत नाही, आणि तिथं कुठलीच गोळी पुरत नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांना ढिल्या पिशवीचा रक्तस्राव रात्री जागवायचा. आम्हाला जागवतो तो जुना टाका.

बाळ मुलगा, २ किलो ५० ग्रॅम. तीन दिवस श्वासाला यंत्राचा आधार लागला, नऊ दिवस काचेत. तिला दोन दिवस आयसीयू, गुठळी होऊ नये म्हणून पोटात इंजेक्शनं, लघवीची नळी चौदा दिवस. सोळाव्या दिवशी दोघं अनगोळला नणंदेकडं गेली. त्याच एका खोलीत.

कोण चुकलं

तिच्या माहेरी ह्यावर दोन तट आहेत. आई म्हणते, पहिल्या वेळी डॉक्टरांनी कापलं म्हणून नात जिवंत आहे. मामा म्हणतो, पैशासाठी कापलं. दोघांनीही मला निवाडा मागितला.

आकडे मामाच्या बाजूनं बोलतात असं वाटू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात ३१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरात खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, सरकारी रुग्णालयांत १४.३. सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढं गेलं की आया आणि बाळं वाचण्याचं प्रमाण त्यामुळं आणखी वाढताना दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली म्हटलं आहे. पण हा सगळ्या लोकसंख्येचा हिशेब आहे. एका दुपारी तीन वाजता एका बाळाचे ठोके उतरले होते की नाही, हे त्यातून निघत नाही. ते ठोक्यांच्या पट्टीवरून आणि कळांच्या नोंदीवरून निघालं असतं. दोन्ही नाहीत. पाणी कमी होतं, कळा आणल्या होत्या, सहा-सात तासांत ठोके उतरू शकतात, अशा वेळी मीही कापलं असतं. किंवा नसते उतरले. मामाला मी एवढंच म्हणाले की मला ठाऊक नाही, आणि ठाऊक व्हायचा कागद तुमच्या पेटीत नाही. त्याला ते पटलं नाही. आईलाही पूर्ण पटलं नाही.

मला स्वतःला पहिल्या ऑपरेशनपेक्षा नंतरचे अकरा महिने जास्त टोचतात. कापलं ते बरोबर असो की चूक, कापलं होतं हे तर नक्की होतं. त्यानंतर अंतर राखायला कुणी मदत केली नाही, आणि दुसऱ्या वेळी विसाव्या आठवड्यात ज्यांच्याकडं ती आली त्यांनी, म्हणजे मी, तिला गर्दीतली एक समजून घरी पाठवलं.

सहा आठवड्यांनी ती तपासणीला आली. व्रण कोरडा, लघवी नीट, हिमोग्लोबिन १०.१. अंडाशयं जागेवर आहेत, त्यामुळं पाळी नसली तरी म्हातारपण लवकर यायचं नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं. गावात बायका 'रिकामी झाली' म्हणतात, त्याचं काय करायचं हे तिनं विचारलं, आणि त्याचं औषध माझ्याकडं नव्हतं. मी तिला दोन्ही ऑपरेशनांची हकीगत एका पानावर मराठीत लिहून दिली, सही-शिक्क्यासह. आता सिझर झालेल्या प्रत्येकीला मी असं एक पान देते: का केलं, छेद कसा, रक्त किती, वार कुठं, पुढच्या खेपेला विसाव्या आठवड्यात काय बघायचं. हाताला रग लागते. आमचे क्लार्क म्हणतात, बाई, झेरॉक्सचा फॉर्म करा. करणार आहे.

त्या दिवशी तिच्याबरोबर मोठी जाऊ आली होती. तिचंही पहिलं सिझर, तेही माहेरी, गडहिंग्लजकडं. आता दुसरं, सातवा महिना. दोघी जावा बाकावर शेजारी बसल्या होत्या आणि धाकटी मोठीला चिंच समजावून सांगत होती, माझ्यापेक्षा बरी. मी मोठीला सोनोग्राफीला आत घेतलं. वार वर आहे, मागच्या भिंतीवर, टाक्यापासून लांब. नॉर्मलचा प्रयत्न करायला हरकत दिसत नाही, बेळगावात. मात्र मागचा छेद कसा होता ते आधी कळायला हवं. कागद माहेरी आहे. दीर रविवारी सुट्टी काढून आणायला जाणार आहे.